रक्ताभिसरणातील कर्कपेशींचे पृथक्करण : पद्धती आणि त्यांचे प्रामाण्य

कर्करोगाने दगावणाऱ्या रोग्यांपैकी बहुतेकांचा अंत दूरच्या इंद्रियांत रुजलेल्या दुय्यम गाठींमुळे होतो. स्तनातील अथवा आतड्यातील अर्बुदाच्या काही पेशी मूळ स्थान सोडून रक्तात उतरतात, रक्ताबरोबर वाहत जातात आणि त्यांपैकी फारच थोड्या यकृत, फुप्फुस वा अस्थी यांत स्थिरावून वाढू लागतात. या वाहत्या पेशींना प्रस्तुत लेखात ‘अभिसारी कर्कपेशी’ असे म्हटले आहे. त्या वाटेतच पकडता आल्या, तर गाठीचा तुकडा काढण्याचे कष्ट रोग्यास न देता हाताच्या नीलेतील दीड चमचा रक्तावरून रोगाची स्थिती कळू शकेल, अशी आशा गेली कित्येक वर्षे संशोधकांनी बाळगली आहे. ती कितपत सफल झाली आणि ज्या पद्धतींच्या बळावर ती बाळगली जाते त्या पद्धती स्वतः कितपत विश्वसनीय आहेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप आकड्यांतच पाहिलेले बरे. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी असतात, बिंबिका १५ ते ४५ कोटी आणि पांढऱ्या पेशी ४० लाख ते १ कोटी. रोग दूरवर पसरलेल्या रोग्याच्या रक्तात देखील अभिसारी कर्कपेशी मिलिलिटरला एक ते दहा सापडल्या तर त्या पुष्कळच म्हणावयाच्या. अनेक रोग्यांत त्याहूनही कमी सापडतात. परीक्षेसाठी सामान्यतः ७·५ मिलिलिटर रक्त घेतात. एवढ्या रक्तात पाच कर्कपेशी आहेत असे धरले, तर त्या सुमारे ३,७५० कोटी तांबड्या पेशींत आणि पाच कोटींच्या आसपास पांढऱ्या पेशींत मिसळलेल्या असतात. तांबड्या पेशींची अडचण फारशी नाही. त्यांना केंद्रक नसते आणि अमोनियम क्लोराइडाच्या द्रावणात त्या सहज फुटतात. खरा झगडा पांढऱ्या पेशींशी आहे. त्यांना केंद्रक असते, त्यांच्यापैकी काही आकाराने कर्कपेशींएवढ्याच असतात, आणि त्यांच्या कोटीभर संख्येतून एक पेशी वेगळी काढावयाची असते.

या पद्धतींची परीक्षा करताना एक विशिष्ट ठिकाण डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त होईल. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव नागपूर-अमरावती राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असून आर्वीकडे जाणारा रस्ता तेथूनच फुटतो. जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे; जिल्ह्यातील कर्करोग्यांची लोकसंख्याधिष्ठित नोंदणीही तेथे चालते. विदर्भात खर्रा व तंबाखू यांचे सेवन सर्रास असल्यामुळे तोंडाचा कर्करोग हा येथील वैद्यांच्या नित्य परिचयाचा रोग होय. परंतु अभिसारी कर्कपेशी वेगळ्या करण्याच्या ज्या पद्धती महाराष्ट्रात विकसित झाल्या त्यांच्या प्रयोगशाळा पुणे व नाशिक येथे आहेत, म्हणजे तळेगावापासून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. तळेगावच्या रोग्याचे रक्त तेथवर पोहोचेपर्यंत त्यातील पेशींचे काय होते, आणि पोहोचल्यावर जो आकडा हाती येतो त्याचा अर्थ काय, हे दोन प्रश्न पुढील सर्व विवेचनात अनुस्यूत आहेत.

रक्तातील कर्कपेशींचे पहिले वर्णन १८६९ सालचे आहे. मेलबर्न येथील टॉमस ॲशवर्थ या वैद्याने कर्करोगाने मृत झालेल्या एका मनुष्याच्या रक्तात त्याच्या गाठींतील पेशींसारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि शरीरात अनेक गाठी कशा उद्भवतात यावर त्यामुळे काही प्रकाश पडेल, असे सुचविले. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी बीज आणि भूमी यांचा दृष्टांत देऊन दुय्यम गाठी ठरावीक इंद्रियांतच का रुजतात याची उपपत्ती मांडली. त्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. १९५० नंतरच्या दशकात मात्र त्याला एकाएकी बहर आला. डेन्मार्कमधील एंगेल यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या रक्तात कर्कपेशी आढळल्याचे विस्तृत वृत्त प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क येथील सील यांनी १९५९ मध्ये सिलिकोनच्या तेलावर पेशी तरंगविण्याची आणि १९६४ मध्ये त्या चाळणीने गाळण्याची पद्धत सांगितली. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांतून मोठमोठे आकडे येऊ लागले. काही ठिकाणी तर निरोगी माणसांच्या रक्तातही ‘कर्कपेशी’ सापडल्या!

या उत्साहाला १९६५ च्या सुमारास ओहोटी लागली. जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या तेव्हा कर्कपेशी म्हणून मोजलेल्या पेशींपैकी पुष्कळशा अस्थिमज्जेतील महाकेंद्रकी पेशी निघाल्या. बिंबिका ज्यांपासून तयार होतात त्या या पेशी आकाराने मोठ्या असून त्यांचे केंद्रक वेडेवाकडे असते, आणि त्यांपैकी काही स्वाभाविकपणेच रक्तात येतात. या प्रकरणाकडे केवळ इतिहास म्हणून पाहू नये. पृथक्करणाचे साधन नीट काम करीत होते. मोठ्या पेशी वेगळ्या करण्याचे जे काम त्याला सांगितले होते ते त्याने चोख केले. चूक झाली ती वेगळ्या झालेल्या पेशीला नाव देताना. पृथक्करण आणि ओळख या दोन भिन्न क्रिया आहेत आणि आजही पुष्कळ लेखांत त्यांची गल्लत होते.

भौतिक गुणांवर आधारलेल्या पद्धती सर्वांत जुन्या व सर्वांत स्वस्त. घनतेची पद्धत आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात बसलेली आहे. फायकॉल व आयोडीनयुक्त संयुग यांच्या १·०७७ घनतेच्या द्रावणावर सौम्य केलेले रक्त हलक्या हाताने सोडून केंद्रोत्सारण केले म्हणजे तांबड्या व कणयुक्त पांढऱ्या पेशी तळाशी जातात. एककेंद्रकी पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्याबरोबर कर्कपेशी, मधल्या ढगाळ थरात राहतात. ब्यॉयम यांनी १९६८ मध्ये रूढ केलेली ही कृती आजही अनेक पद्धतींची पहिली पायरी आहे. परंतु ती पायरीच होय. मधल्या थरात लाखो लसीकापेशी असतात, आणि रक्त जुने असेल तर कणयुक्त पेशींची घनता बदलून त्याही त्याच थरात येतात. शिवाय दर केंद्रोत्सारणात व दर धुण्यात काही पेशी नळीच्या भिंतीला चिकटून जातात. दहा हजारांत पाचशे गेल्या तर बिघडत नाही. पाचांत दोन गेल्या तर सर्वच गेले.

गाळण्याच्या पद्धतीत आठ मायक्रोमीटर व्यासाची छिद्रे असलेला पॉलिकार्बोनेटचा पातळ पडदा वापरतात. तांबड्या पेशी लवचीक असल्याने सुरकुतून निघून जातात. पांढऱ्या पेशीही बहुतांशी जातात. मोठे व ताठ केंद्रक असलेली कर्कपेशी अडकते. तिच्या पृष्ठभागावर अमुक प्रथिन असलेच पाहिजे अशी अट येथे नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. दोष असा की सर्व कर्कपेशी मोठ्या नसतात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींचा व्यास पंधरा-वीस मायक्रोमीटर असतो, पण रोग्याच्या रक्तात पांढऱ्या पेशींएवढ्याच लहान कर्कपेशीही आढळल्या आहेत, आणि दाब थोडा वाढला की मोठ्या पेशीदेखील छिद्रातून ओढल्या जातात. छिद्रांऐवजी पायरीपायरीने अरुंद होत जाणारी फट वापरणारे पार्सॉर्टिक्स हे यंत्र याच तत्त्वावर चालते; दूर पसरलेल्या स्तनकर्करोगात पेशी गोळा करण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली. नागमोडी किंवा सर्पिल नलिकेतून द्रव वेगाने वाहू दिला असता वळणावर मोठे कण आतील भिंतीकडे सरकतात, या जडत्वजन्य परिणामाचाही उपयोग करण्यात आला आहे. सिंगापूर येथील संशोधकांच्या सर्पिल चिपमधून ७·५ मिलिलिटर रक्त, तांबड्या पेशी फोडल्यानंतर, दहा मिनिटांच्या आत पार होते. वेग हा येथे नुसता सोयीचा भाग नाही, कारण काढलेल्या रक्तातील पेशी तासागणिक मरत असतात.

दुसरा मार्ग पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचा. त्वचा, तोंडाचे अस्तर, आतड्याचे अस्तर, स्तनातील ग्रंथींच्या नलिका यांच्यावर पेशींचा जो थर असतो त्याला उपकला म्हणतात आणि बहुतेक घन अर्बुदे उपकलेतूनच उद्भवतात. उपकलेच्या अनेक पेशींवर ‘एपकॅम’ नावाचे प्रथिन असते. रक्तपेशींवर ते सामान्यतः नसते. लोहयुक्त अतिसूक्ष्म कणांवर एपकॅमविरोधी प्रतिपिंड जडवून ते रक्तात मिसळले आणि नळी चुंबकाजवळ धरली, तर कणांनी वेढलेल्या पेशी चुंबकाकडे खेचल्या जातात. सेलसर्च या यंत्रात असे गोळा केलेले द्रव्य पुन्हा तीन प्रकारे रंगवितात. डॅपी या रंगाने केंद्रक दिसले पाहिजे. ८, १८ व १९ क्रमांकांच्या सायटोकेरॅटिनांचा रंग चढला पाहिजे. आणि पांढऱ्या पेशींची खूण असलेले सीडी ४५ दिसता कामा नये. या सर्व अटी पुऱ्या करणारी पेशी तेवढी मोजावयाची. १९६५ मध्ये ज्या ढिलाईने हा विषय बदनाम झाला ती येथे काटेकोर व्याख्येने दूर केली आहे, आणि माझ्या मते या यंत्राचे खरे श्रेय चुंबकापेक्षा या व्याख्येला आहे. २००४ साली त्याला अमेरिकेत स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. पुढे मोठ्या आतड्याच्या व पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगांसाठीही ती मिळाली.

पण व्याख्या जितकी काटेकोर तितकी तिच्या बाहेर राहणाऱ्या पेशींची संख्या मोठी. उपकलेतील पेशी मूळ गाठ सोडताना आपले उपकलापण काही अंशी टाकून देतात. शेजारच्या पेशींना धरून ठेवणारी प्रथिने कमी होतात, पेशी लांबट व चंचल बनते आणि एपकॅमही घटते. म्हणजे जी पेशी दूर जाऊन रुजण्यास कदाचित् अधिक समर्थ आहे, नेमकी तीच या गळाला लागत नाही. विदर्भाच्या दृष्टीने याला विशेष महत्त्व आहे. तोंडाचा कर्करोग चपट्या पेशींच्या उपकलेतून उद्भवतो आणि अशा अर्बुदांत एपकॅमचे प्रमाण रोग्यागणिक पुष्कळच बदलते. स्तनकर्करोगाच्या रोग्यांवर बसविलेले प्रमाण तोंडाच्या कर्करोगास जसेच्या तसे लावता येणार नाही.

या क्षेत्रातील महाराष्ट्राचे काम येथे सांगितले पाहिजे. पुणे येथील ॲक्टोरियस या संस्थेत जयंत खांदारे व त्यांचे सहकारी यांनी एपकॅमविरोधी प्रतिपिंड जडविलेल्या चुंबकीय अतिसूक्ष्म कणांवर आधारलेली ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही परीक्षा विकसित केली. तिला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना मिळाला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रोग्यांवर या पद्धतीने अभ्यास झाला असून पेशींची संख्या आणि रोगाची अवस्था यांचा संबंध त्यात तपासण्यात आला. तोंडाचा कर्करोग हा आपल्याकडचा प्रश्न असल्यामुळे तो आपल्याच रोग्यांवर तपासला जावा, हे योग्यच झाले. या परीक्षेत मोजणी १·५ मिलिलिटर रक्तामागे केली जाते, सेलसर्चमध्ये ७·५ मिलिलिटरमागे. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. तो तसा का नाही, हे पुढे येईल.

तिसरा मार्ग उलट दिशेने जातो. कर्कपेशी कशी असते हे ठाऊक नसले तरी पांढरी पेशी कशी असते हे पक्के ठाऊक आहे. तेव्हा सीडी ४५ विरोधी प्रतिपिंडांनी पांढऱ्या पेशीच काढून टाकाव्या आणि जे उरेल ते पाहावे. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात या तत्त्वाची चिप २०१३ मध्ये तयार झाली. त्याच गटाने २००७ मध्ये केलेली पहिली चिप एपकॅमवरच अवलंबून होती. तिच्यात प्रतिपिंडांनी मढविलेले ७८,००० सूक्ष्म खांब होते, रक्त ताशी एक-दोन मिलिलिटर एवढ्याच गतीने जाई आणि ११६ नमुन्यांपैकी ११५ मध्ये मिलिलिटरला ५ ते १,२८१ पेशी सापडल्या असे सांगण्यात आले. हे आकडे सेलसर्चच्या आकड्यांहून कितीतरी मोठे आहेत. रोग तेच, पकडण्याची व मोजण्याची रीत वेगळी. उलट मार्गातील अडचण साध्या गुणाकाराने कळते. पाच कोटी पांढऱ्या पेशींपैकी ९९·९ टक्के काढल्या तरी ५०,००० उरतात. ९९·९९ टक्के काढल्या तर ५,०००. त्यांत पाच कर्कपेशी असतील तर शुद्धता हजारात एक. अशा मिश्रणातून जनुकीय बदल शोधावयाचे तर पुन्हा एकेक पेशी उचलावी लागते.

नाशिक येथील दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेची पद्धत याच उलट मार्गाची, पण अगदी निराळ्या युक्तीची आहे. निरोगी पेशीत ठरावीक परिस्थितीत स्वतःहून मरण्याची यंत्रणा शाबूत असते. कर्कपेशीत ती बिघडलेली असते. तेव्हा रक्तातील केंद्रकयुक्त पेशी अशा पोषकद्रवात ठेवावयाच्या की ज्यात निरोगी पेशी मरतील आणि मृत्यूला दाद न देणाऱ्या तेवढ्या टिकतील. येथे चाळणी नाही, गळ नाही. पेशीच्या स्वभावानेच निवड होते. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही. या पद्धतीने केलेले मोठे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात १६,१३४ व्यक्तींचे रक्त तपासले होते. कर्करोगाचे निदान झालेल्या ५,५०९ रोग्यांपैकी ८९·८ टक्क्यांत अर्बुदाशी संबंधित पेशींचे पुंजके सापडले. तपासणीत काहीही दोष न आढळलेल्या ८,४९३ व्यक्तींपैकी २५५ जणांत, म्हणजे ३ टक्क्यांत, तेच सापडले. पुंजका म्हणजे तीन किंवा अधिक पेशी, आणि त्यांतील पेशींवर सीडी ४५ असले तरी चालेल, अशी येथील व्याख्या होती. सेलसर्चने जी खूण दिसताच पेशी बाद केली असती ती खूण येथे ग्राह्य धरली आहे. याला समर्थनही आहे. अर्बुदाच्या पेशींबरोबर रक्तपेशीही पुंजक्यात गुंतलेल्या असतात, आणि एकट्या पेशीपेक्षा पुंजक्याची रुजण्याची क्षमता कितीतरी पट अधिक असते, हे २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. परंतु दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडणे यापुढे शक्य नाही, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

नाशिकच्या संशोधनातील ३ टक्के या आकड्याकडे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून पाहावे. तो लहान वाटतो. समजा, वर्धा जिल्ह्यातील एक लाख निरोगी दिसणाऱ्या माणसांचे रक्त या रीतीने तपासले, आणि त्यांच्यात १०० जणांना सुप्त कर्करोग आहे. परीक्षेने त्यांतील ९० ओळखले असे उदारपणे धरू. उदारपणे अशासाठी की ८९·८ टक्के हा आकडा निदान झालेल्या रोग्यांवरून काढलेला आहे, सुप्त व लहान गाठीत तो तसाच राहील असे नाही. उरलेल्या ९९,९०० जणांच्या ३ टक्के म्हणजे २,९९७. एकूण ३,०८७ जणांना ‘सापडले’ असे सांगावे लागेल आणि त्यांतील खरे रोगी ९०, म्हणजे चौतिसांत एक. त्या २५५ जणांपैकी काहींत न सापडलेला रोग दडलेला असू शकतो, हे खरे. तथापि त्याने हिशेबाचे स्वरूप पालटत नाही. रोग कोणत्या इंद्रियात आहे हे शोधण्यासाठी त्या तेहतीस निरोगी माणसांना सेवाग्राम-नागपूरच्या वाऱ्या, चित्रण, सुया आणि महिनोन् महिने धाकधूक सोसावी लागेल. २०२१ साली या संस्थेच्या स्तनकर्करोगाच्या परीक्षेला अमेरिकेत ‘नवप्रवर्तक साधन’ असा दर्जा मिळाला, त्याचा गाजावाजा झाला. हा दर्जा म्हणजे पुढील विचारविनिमय जलद करण्याची सवलत आहे. विक्रीची मान्यता त्याहून वेगळी. वृत्तपत्रांतून हा भेद फारसा स्पष्ट झाला नाही. तोंडाच्या कर्करोगाबद्दल तर आणखी एक गोष्ट आहे. तोंड उघडून पाहता येते. केरळात तिरुवनंतपुरम् जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली, आणि तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तपरीक्षेला या विजेरीशी स्पर्धा करावयाची आहे.

आता मोजणीविषयी. कोणतीही नवी पद्धत जाहीर करताना निरोगी माणसाच्या रक्तात वाढविलेल्या कर्कपेशी ठरावीक संख्येने मिसळतात आणि किती परत मिळाल्या ते सांगतात. सेलसर्चमध्ये हे प्रमाण सुमारे ८५ टक्के आहे. या प्रयोगांत बहुधा स्तनकर्करोगाच्या एमसीएफ ७ या पेशी वापरतात. त्या मोठ्या, गोलसर आणि एपकॅमने लदलेल्या असतात. म्हणजे चाळणी व गळ या दोहोंनाही त्या सोयीच्या. पद्धतीची परीक्षा घ्यावयाची तर एपकॅम कमी असलेल्या व आकाराने लहान पेशीही मिसळल्या पाहिजेत, आणि शंभर नव्हे, पाच मिसळल्या पाहिजेत.

पाचच मिसळल्या म्हणजे एक निराळीच अडचण उभी राहते, आणि तिला कोणतेही यंत्र उपाय करू शकत नाही. विरळ कणांच्या मोजणीत प्वासोंचा नियम लागू होतो. रक्तात सरासरीने ७·५ मिलिलिटरला पाच पेशी असतील, तर एवढ्या नमुन्यात एकही पेशी न येण्याचा संभव हजारात सातांहून अधिक नाही. त्याच रक्ताचे १·५ मिलिलिटर घेतले तर सरासरी एक होते आणि नळी पूर्णपणे रिकामी असण्याचा संभव शंभरात सदतीस. पेशी नळीतच नसतील तर प्रतिपिंड कितीही उत्तम असून काय उपयोग? रक्तात पेशी अधिक असतील तेथे ही अडचण ओसरते, म्हणून थोड्या रक्तावरील परीक्षा प्रगत रोगात चालते. लवकरच्या अवस्थेत ती कठीण. सीमारेषेचेही तसेच. २००४ मध्ये क्रिस्टोफॅनिली व सहकारी यांनी १७७ स्त्रियांच्या अभ्यासावरून ७·५ मिलिलिटरला पाच पेशी ही रेषा आखली. तिच्या वर असलेल्या रोग्यांचे आयुर्मान मध्यमानाने १०·१ महिने आणि खाली असलेल्यांचे १८ महिन्यांहून अधिक आढळले. हा शोध पुढे अनेकांनी पडताळून पाहिला आहे. परंतु जिच्या रक्तातील खरी सरासरी बरोबर पाच आहे अशा स्त्रीचे रक्त पुनःपुन्हा काढले, तर केवळ योगायोगाने शंभरांतून चव्वेचाळीस वेळा उत्तर रेषेखाली येईल. तिला एकदा धीर द्यावयाचा आणि दुसऱ्यांदा घाबरवावयाचे, हे शास्त्र नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर स्तनकर्करोगाच्या स्त्रियांत या पेशी दिवसापेक्षा झोपेच्या काळात कितीतरी अधिक संख्येने रक्तात उतरतात असे दिसले. तेव्हा रक्त कोणत्या वेळी काढले, याचीही नोंद हवी.

संख्या खरी आहे असे मानले तरी तिचा रोग्याला उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत एक नामी चाचणी झाली. औषधाची पहिली फेरी दिल्यानंतरही ज्यांच्या पेशी रेषेवरच राहिल्या अशा १२३ स्तनकर्करोग्यांचे दैवयोगाने दोन गट केले. एकात जुनेच औषध चालू ठेवले, दुसऱ्यात लगेच बदलले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुर्मान अनुक्रमे १०·७ व १२·५ महिने, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. पेशींनी भविष्य बरोबर सांगितले होते. ते बदलण्याचे साधन वैद्यांच्या हाती नव्हते. उलट फ्रान्समध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संप्रेरकोपचार द्यावा की रसायनोपचार, ही निवड पेशींच्या संख्येवर सोपविली, आणि वैद्याने स्वतः केलेल्या निवडीपेक्षा निकाल वाईट आला नाही. तेथे निवडीला दोन खरे पर्याय होते. मला वाटते, पृथक्करणाचे भवितव्य संख्येपेक्षा पकडलेल्या पेशीच्या अंतरंगाच्या अभ्यासात आहे; तिच्यात कोणते जनुकीय बदल आहेत, कोणते औषध तिला लागू पडेल, हे कळले तर पर्याय निर्माण होतील. त्यासाठी पेशी जिवंत, निदान अभंग मिळाली पाहिजे, आणि येथे तळेगावच्या नमुन्याचा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

सेलसर्चसाठी वापरल्या जाणाऱ्या नळीत पेशी स्थिर करणारे द्रव्य असते. १५ ते ३० अंश तपमानात रक्त त्यात ९६ तास चालते. तळेगावाहून पुण्यास किंवा मुंबईस नमुना पोहोचण्यास एवढा अवधी पुरेसा आहे. परंतु स्थिर केलेली पेशी मेलेली असते. ती मोजता येते, वाढविता येत नाही. नाशिकसारख्या पद्धतीत, जेथे जिवंत राहणे हीच निवडीची कसोटी, तेथे अशा नळीचा उपयोग नाही. साध्या ईडीटीए नळीत पेशी जिवंत राहतात, पण जेमतेम दिवसभर, आणि त्यातही कर्कपेशी आधी जातात. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातील तपमान ४५ अंशांवर जाते. बंद मोटारीत त्याहून अधिक. बर्फात थेट ठेवलेली नळीही तितकीच बिघडते. तेव्हा पद्धतीची निवड पुस्तकातील गुणदोषांपेक्षा तळेगावच्या फाट्यावर गाडी किती वाजता येते, यावर अधिक अवलंबून राहते. पहिली पायरी, म्हणजे घनतेने पृथक्करण अथवा पडद्यावर गाळणे, जिल्ह्यातच केली आणि काचपट्टी किंवा पडदा पुढे पाठविला, तर हा पेच पुष्कळ सुटेल. गाळण्याचे उपकरण महाग नाही आणि ते चालविण्यास फार मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने एकाच रक्ताचे चार भाग करून ते ताजे, सहा, बारा व चोवीस तासांनी, खोलीच्या तपमानात आणि उन्हाळ्यातील वाहनाच्या तपमानात गाळून पाहावे. ज्ञात संख्येच्या पाच व पन्नास पेशी मिसळून किती परत मिळतात ते मोजावे, आणि मोजणाऱ्यास कोणती नळी कोणती हे कळू देऊ नये. विदर्भाच्या हवामानाला लागू पडणारे असे कोष्टक कोणत्याही परदेशी यंत्राच्या माहितीपत्रकात मिळणार नाही.

एक बारीक पण महत्त्वाची सूचना रक्त काढणाऱ्यासाठी. सुई त्वचेतून आत जाते तेव्हा त्वचेच्या काही उपकलापेशी तिच्या पोकळीत शिरतात आणि पहिल्या धारेबरोबर नळीत येतात. त्यांना केंद्रक असते, सायटोकेरॅटिनाचा रंग चढतो आणि सीडी ४५ नसते. काचपट्टीवर त्या कर्कपेशी म्हणून सहज खपतील. याकरिता पहिली नळी अन्य तपासण्यांसाठी ठेवावी आणि पेशींच्या परीक्षेसाठी दुसरी घ्यावी. नळीवरील चिठ्ठीत रोग्याच्या क्रमांकाबरोबर रक्त काढल्याची तारीख व वेळ, ती कितवी नळी, रक्ताचे आकारमान, नळीतील द्रव्य, वाटेतील तपमान आणि शेवटची औषधफेरी केव्हा झाली, एवढे लिहिलेले असावे.